गोणपाट ते समुपदेशन कक्ष : आमच्या मुलांच्या मनाचा प्रश्न

दरवर्षी ७ नोव्हेंबरला आम्ही साताऱ्याला जातो. १९०० साली याच दिवशी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, रजिस्टरमध्ये चढले. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली हा दिवस 'विद्यार्थी दिन' म्हणून जाहीर केला. हार घातले जातात, भाषणे होतात, निबंध स्पर्धा होतात. सगळे चांगलेच आहे.

मागच्या खेपेला परतताना आम्ही जिल्ह्यातल्या एका शाळेत थांबलो. आमच्या एका कार्यकर्त्याची मुलगी तिथे नववीत आहे. व्हरांड्याच्या टोकाला एका खोलीवर रंगवलेला बोर्ड होता : 'समुपदेशन कक्ष'. दाराला कुलूप. किल्ली कुणाकडे, हे शोधण्यात अर्धा तास गेला. आत मोडकी बाकडी, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि बँडचा फाटका ढोल. आम्ही मुख्याध्यापकांना विचारले, तेव्हा ते सरळपणे म्हणाले, "बोर्ड लावायचा आदेश होता, लावला." त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना माणूस दिला नव्हता, पैसा दिला नव्हता, काय करायचे तेही कुणी सांगितले नव्हते. पण त्या दिवशी आम्ही ठरवले की या बंद खोलीवर लिहायचे.

मित्रांनो, शाळेत मानसशास्त्रज्ञाची खोली कशाला हवी, हे आपल्याला कुणी परदेशातून येऊन सांगायची गरज नाही. साताऱ्याच्या त्या शाळेत भिवा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत असे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसेल तर पाणी नाही. १९०१ च्या सुमाराची सुट्टी. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीला, आई हयात नाही. मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. वडिलांना पत्र वेळेवर कळलेच नव्हते, त्यामुळे घ्यायला कुणी आले नाही. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तेही गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने पायी चालायचे या अटीवर. रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हे सगळे तीन दशकांनंतर लिहून ठेवले, बारीकसारीक तपशिलासह. त्या प्रवासाने बसलेला धक्का आपण कधीच विसरलो नाही, असे त्यांनी सांगितले आहे.

मनावरची जखम म्हणजे काय, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा? कोलंबियाची पदवी, लंडनची पदवी, बॅरिस्टरी, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, एवढे सगळे होऊन गेल्यावरही दहा वर्षांच्या मुलाची ती तहान त्यांच्या आठवणीत कोरडी पडली नव्हती.

याच शाळेतली दुसरी आठवणही आपण अभिमानाने सांगतो. आंबेडकर गुरुजी मधल्या सुट्टीत भिवाला आपल्या डब्यातले खायला देत. पेंडसे गुरुजींनी पावसात चिंब भिजून आलेल्या भिवाला आपल्या घरी पाठवून अंघोळीची आणि कोरड्या कपड्यांची सोय केली. चरित्रकारांनी हे नोंदवले आहे आणि बाबासाहेबांनीही आपल्या शिक्षकांचा जिव्हाळा कधी विसरला नाही. पण आम्ही विचारतो : ज्या वर्गात आंबेडकर गुरुजी नव्हते, त्या वर्गातल्या मुलाचे काय झाले? वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस टिकले. पुढे त्यांनी मराठी साहित्याला जे दिले ते शाळेमुळे नव्हे, शाळेने हाकलले तरी दिले. आणि ज्यांच्यात अण्णाभाऊंची ताकद नव्हती अशी किती मुले त्याच उंबऱ्यावरून परत फिरली, त्यांची नोंद कोणत्याच रजिस्टरमध्ये नाही.

चांगला शिक्षक मिळणे ही नशिबाची गोष्ट आहे. आंबेडकरी चळवळीने माणसाला नशिबावर सोडण्याचे तत्त्व कधीच मान्य केलेले नाही. दयेच्या जागी हक्क आणि योगायोगाच्या जागी व्यवस्था, हीच आपली मागणी राहिली आहे. समुपदेशन कक्षाची मागणी आम्ही त्याच रांगेत उभी करतो.

आता हा हक्क कागदावर आला आहे

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा खटल्यात निकाल दिला. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचे ते प्रकरण. न्यायालयाने पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि कायदा होईपर्यंत ती देशभर बंधनकारक ठेवली. त्यातली तीन आपण पाठ करून ठेवावीत.

पहिले : १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत बाल आणि किशोर मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असला पाहिजे. विद्यार्थी कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी हवी. दुसरे : शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण हवे. तिसरे, आणि आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे : अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास आणि अन्य वंचित घटकांतल्या विद्यार्थ्यांशी भेदभाव न करता वागण्याचे प्रशिक्षण हवे, आणि जात, वर्ग, लिंग, अपंगत्व, धर्म यांवरून होणाऱ्या छळाच्या तक्रारीसाठी यंत्रणा हवी.

म्हणजे मन आणि जात यांचा संबंध आहे, हे न्यायालयाने एकाच आदेशात लिहिले. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला, २०१९ च्या मे महिन्यात डॉ. पायल तडवी गेली, तेव्हा आम्ही रस्त्यावर उतरून हेच ओरडत होतो. तेव्हा आम्हाला सांगण्यात आले की ही वैयक्तिक नैराश्याची प्रकरणे आहेत, यात जात आणू नका.

आणि हा प्रश्न फक्त विद्यापीठांचा, महानगरांचा आहे असे कुणी समजू नये. जून २०२५ मध्ये आपल्याच आटपाडी तालुक्यात बारावीतल्या एका मुलीला सराव परीक्षेत कमी गुण पडले म्हणून शिक्षक असलेल्या बापाने मारहाण केली आणि ती मुलगी गेली. ज्या आटपाडीच्या मातीतून शंकरराव खरातांसारखा माणूस विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत पोहोचला, त्याच तालुक्यात शिक्षण मुलीच्या जिवावर उठले. त्या मुलीला घराबाहेर, शाळेच्या आत, एक दार ठोठावण्याजोगे असते तर? हा प्रश्न आम्हाला झोपू देत नाही.

कृष्णाकाठचा २०१९ चा महापूर आठवा. ब्रह्मनाळला बोट उलटून गावातली माणसे गेली. २०२१ च्या जुलैमध्ये पाटण तालुक्यात दरडी कोसळून घरे गाडली गेली. शाळा पुन्हा सुरू झाल्या, पंचनामे झाले, वह्या-पुस्तके वाटली गेली. पाऊस वाढला की थरथरणाऱ्या मुलाचा पंचनामा कोणी केला? जत, आटपाडी, माणच्या दुष्काळी पट्ट्यातली आणि ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडहून आलेली मुले दरवर्षी शाळा, मित्र, भाषा बदलतात. त्यांच्या हजेरीपटावर 'सतत गैरहजर' एवढाच शेरा पडतो.

पण कोणता कक्ष? हा खरा वाद आहे

इथे आम्ही आमच्याच मित्रांना सावध करू इच्छितो. कक्ष उघडला म्हणजे न्याय मिळाला असे नाही. मानसशास्त्राने दोन्ही बाजूंनी काम केले आहे.

अमेरिकेत केनेथ आणि मॅमी क्लार्क हे कृष्णवर्णीय जोडपे होते. दोघेही कोलंबिया विद्यापीठाचे डॉक्टरेट, म्हणजे बाबासाहेब जिथे १९१३ ते १९१६ शिकले तिथलेच. त्यांनी लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे फक्त रंगाने वेगळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली 'चांगली' ठरवली. मुलांना स्वतःचाच रंग नकोसा वाटतो, तर दोष मुलांत की त्यांना वेगळे बसवणाऱ्या शाळेत? १९५४ च्या ज्या ऐतिहासिक निकालाने अमेरिकेतल्या सरकारी शाळांमधली वर्णभेदी विभागणी घटनाबाह्य ठरवली, त्यात क्लार्क यांच्या कामाचा आधार घेतला गेला. हे मानसशास्त्र आपले आहे.

त्याच अमेरिकेत शाळेतल्या मानसशास्त्रज्ञांनी बुद्ध्यांक चाचण्या घेऊन कृष्णवर्णीय मुलांना 'मतिमंद' वर्गांत ढकलले. पालकांना कोर्टात जावे लागले आणि १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने त्या चाचण्यांचा असा वापर थांबवला. हेही मानसशास्त्रच, पण हे मनुस्मृतीचे काम पांढऱ्या कोटात.

आपल्याकडचा प्रयोग बघा. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात उघड केली नव्हती तेव्हा उच्च आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांत फरक नव्हता. सर्वांसमोर नाव आणि जात पुकारली, आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, मेंदू तोच. आता आपल्या शाळांत शिष्यवृत्तीची यादी कशी वाचतात ते आठवा. "एससीवाले उभे राहा." आम्ही सगळे असे उभे राहिलेलो आहोत. त्या मिनिटाचा हिशोब गुणपत्रिकेत कुठे तरी होत असतो.

म्हणून, उदास झालेल्या अशा मुलाला खोलीत बोलावून "तू सकारात्मक विचार कर, मनावर घेऊ नकोस" असे सांगणारा कक्ष आम्हाला नको. तो कक्ष गोणपाट उचलत नाही. गोणपाटावर आरामात कसे बसावे, एवढेच शिकवतो.

कक्ष कसा असावा : आमची मांडणी

टीका करून थांबणे सोपे असते. म्हणून आम्ही खोली उभी करण्याचा आराखडाच मांडतो. यावर वाद घाला, भर घाला.

जागा. खोली मुख्याध्यापकांच्या कार्यालयाला आणि स्टाफरूमला चिकटून नको. जिथे जाताना दहा शिक्षक बघतात तिथे मूल जात नाही. आतले बोलणे बाहेर ऐकू जाऊ नये, पण दाराला काच असावी, म्हणजे मूलही सुरक्षित आणि समुपदेशकही. दोन सारख्या उंचीच्या खुर्च्या, लहान मुलांसाठी सतरंजी, कागद आणि रंग. मध्ये टेबल घालून 'साहेब' बसलेला नको. आणि खोलीत पाण्याचा माठ असावा. येणाऱ्या प्रत्येक मुलाने त्यातून स्वतःच्या हाताने पाणी घ्यावे. सातारा जिल्ह्यात तरी या माठाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागू नये.

वेळ. खेड्यातल्या मुलांची एसटी ठरलेली असते. 'शाळा सुटल्यावर या' म्हणजे 'येऊ नका'. म्हणून मधली सुट्टी आणि शाळेतले ठरावीक तास हवेत, ते वेळापत्रकात छापलेले हवेत. परीक्षेच्या काळात मंडळ फोनवर समुपदेशक देते, ते चांगले आहे, पण दुःख फेब्रुवारी-मार्च बघून येत नाही.

माणूस. मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण आणि मुलांसोबतच्या कामाचे प्रशिक्षण, ही किमान अट. गणिताच्या शिक्षकाला दोन दिवसांचे शिबिर देऊन समुपदेशक करणे ही फसवणूक आहे. जो सकाळी छडी दाखवतो त्याच्यापाशी मूल दुपारी मन मोकळे करत नाही. नेमणुका रोस्टरप्रमाणे झाल्या पाहिजेत. जत-आटपाडीची बोली, पारधी आणि वडार वस्तीतली मुले, ऊसतोड कुटुंबे यांची ओळख असली पाहिजे. "मी जात मानत नाही" म्हणणारा समुपदेशक पुरेसा नाही, मुलाने जात सांगितली तर ती ऐकून घेणारा हवा. जिल्हा परिषदेच्या लहान शाळांसाठी केंद्रशाळेत एक समुपदेशक नेमून त्याचे प्रत्येक शाळेतले वार ठरवून देता येतात.

नोंदी. इथेच सगळे अडते. मुलाने सांगितलेले स्टाफरूममध्ये चहाबरोबर फिरले की कक्ष संपला. फाइल कुलपात, किल्ली फक्त समुपदेशकाकडे, मुख्याध्यापकांनाही वाचायला नाही. अपवाद दोनच : मुलाच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा, आणि लैंगिक अत्याचार असेल तेव्हा, कारण २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणे बंधनकारक आहे. हे अपवाद मुलाला पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजेत.

पण गुप्ततेच्या नावाखाली अन्यायही दडपला जाऊ नये. म्हणून दर तीन महिन्यांनी नावे न देता आकडे शाळा व्यवस्थापन समितीपुढे यावेत : किती मुले आली, कशासाठी आली, भेदभावाची तक्रार किती, मारहाणीची किती. एकाच वर्गातली पाच मुले एकाच कारणाने येत असतील तर आजार मुलांना झालेला नाही, वर्गाला झालेला आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करते. तिथे समुपदेशन थांबून कारवाई सुरू झाली पाहिजे.

चाचण्या. विनाकारण बुद्ध्यांक काढू नये. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने चाचणीचे मराठी-कानडी रूप केले, ते आजही वापरले जाते. चाचणीने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला सवलत मिळते, हा तिचा उपयोग. पण चार शाळा बदललेल्या ऊसतोड मुलाला वाचता येत नाही म्हणून 'मंद' शिक्का मारणे हा गुन्हा समजावा.

पुढची दारे. समुपदेशकाच्या आवाक्याबाहेरचे प्रकरण साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयाकडे, मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे कसे पाठवायचे, सोबत कोण जाईल, हे आधी ठरलेले हवे. टेली-मानसचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर हवेत.

"पैसा कुठून आणणार?"

हा प्रश्न येणारच. वसतिगृहे आणि निवासी शाळांसाठी सामाजिक न्याय विभागाने पदे निर्माण करावीत. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला मागासवर्गीयांचा २० टक्के निधी तिथे पूरक ठरू शकतो. पण शाळेतल्या कक्षाचा खर्च शिक्षणाच्याच निधीतून झाला पाहिजे, यावर आम्ही ठाम आहोत. तो खर्च मागासवर्गीय निधीवर टाकला की ती खोली 'त्यांची' होईल आणि पुन्हा एक वेगळा पाणवठा तयार होईल. कक्ष मराठा, धनगर, मुस्लिम, बौद्ध, मातंग सगळ्या मुलांचा हवा. आटपाडीच्या त्या घटनेने तेच शिकवले.

या मातीला हे नवीन नाही. खंडाळा तालुक्यातल्या नायगावची लेक सावित्रीमाई आणि जोतीराव यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. संकटातल्या बाईने गुपचूप यावे, सुरक्षित बाळंत व्हावे, तिची बदनामी होणार नाही, हा भरवसा त्या घराने दिला. गुप्तता, सुरक्षितता आणि सन्मान ही समुपदेशनाची तीन तत्त्वे आपल्याकडे तिथे जन्मली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१० मध्ये दुधगावला आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृहे काढली. साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एकत्र राहिली, एका पंगतीत जेवली. एकटे पडलेल्या मुलाला सोबत देणे हेच तर ते काम होते.

थोडे आपल्या घरातही बघू

आपल्या वस्तीत एक वाक्य फार चालते : "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, तुला काय झाले?" हे वाक्य प्रेरणा म्हणून सुरू होते आणि पुष्कळदा चाबूक होते. दारू पिऊन घरी मारणारा बाप 'जयभीम' म्हणतो म्हणून तो मुलाला कमी लागत नाही. "मानसशास्त्रज्ञाकडे वेडे जातात, आपण लढणारी माणसे" असेही आपण म्हणतो. तथागतांनी मनाला सगळ्याच्या आधी ठेवले आणि बाबासाहेबांनी तोच धम्म आपल्याला दिला. मन दुखते हे मान्य करणे धम्माच्या विरोधात कसे असेल? जखमी सैनिकाला मलमपट्टी केल्याने लढाई थांबत नाही.

आता काय करायचे?

एक : सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे माहिती अधिकारात अर्ज टाका. १०० पेक्षा जास्त पट असलेल्या शाळा किती, समुपदेशक किती ठिकाणी, त्यांची पात्रता काय, आठवड्यातले किती दिवस, खोली कुठे. दोन : शाळा व्यवस्थापन समितीत बसा. तिथे तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत आणि वंचित घटकांना प्रमाणात प्रतिनिधित्व आहे. आपली माणसे सहीपुरती जातात, हे थांबवा. तीन : खासगी कोचिंग क्लासवर देखरेखीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी असे न्यायालयाने सांगितले आहे, ती कुठे आहे ते विचारा. चार : शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात मानसशास्त्र आणि समाजकार्य शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी स्पर्धा परीक्षेच्या रांगेइतकेच मानाचे काम म्हणून हे क्षेत्र निवडावे. जागा निघाल्या आणि आपली माणसेच नसली, तर ऐकणारा कान पुन्हा त्यांचाच असेल. पाच : कक्ष उघडेपर्यंत विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांचे ऐकायला ठेवा. उपदेश नको, उपचाराचा दावा नको. फक्त ऐका, आणि गरज दिसली तर योग्य ठिकाणी सोबत जा.

पुढच्या ७ नोव्हेंबरला आम्ही पुन्हा साताऱ्याला जाऊ. हार घालू, वंदन करू. आणि मग त्या कुलूपबंद खोलीपाशी जाऊन किल्ली मागू. मोडकी बाकडी बाहेर काढायला आम्ही हात लावू, झाडूही आम्हीच आणू. माणूस मात्र शासनाने द्यायचा आहे, आणि तो घेतल्याशिवाय आम्ही परत फिरणार नाही.

जयभीम!